रिगिंग जुळणी

रिगिंग जुळणी : प्रवासी शिडाच्या नौकेची डोलकाठी सरळ, हव्या तेवढ्या कलात आणि वाऱ्याच्या भाराखाली स्थिर राहावी म्हणून तिला धरणाऱ्या तारांचा ताण ठरवण्याची क्रिया. पुढे फोरस्टे, मागे बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंस श्राउड (शेंड्याकडे जाणारे मुख्य आणि काठीच्या मधल्या भागाला धरणारे खालचे) अशी या तारांची मांडणी असते. ताण तारेच्या बुडाशी बसवलेल्या टर्नबकलने (फिरवून तार आवळणाऱ्या आट्यांच्या जोडणीने) कमीजास्त करतात. शिडे चढवण्याचे व ओढण्याचे दोर यात येत नाहीत.

पूर्वपीठिका : कायम ताणलेले दोर पश्चिम किनाऱ्यावर कधी आले याविषयी एकवाक्यता नाही. साधारणतः इ. स. दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या सातवाहन नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज दिसते, आणि त्यावरील रेषा बाजूचे ताणदोर असल्याचे काही अभ्यासक मानतात. मात्र एवढ्या लहान ठशावरून दोर कायम ताणलेला होता की गरजेपुरता, हे ठरवणे धाडसाचे आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचेही तसेच. त्याच चित्रावरून गोव्यात ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज बांधताना (जलावतरण फेब्रुवारी २०२५) मूळ आराखड्याअभावी पुष्कळ तपशील नव्याने योजावे लागले.

देशी गलबतांची रीत मात्र बरीच स्पष्ट आहे. कोकण-गोव्याच्या फत्तेमारीची डोलकाठी पुढे झुकलेली असे. वारा दुसऱ्या बाजूने घेताना लांब परबाण (शीड बांधलेली तिरपी काठी) डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावे लागे. त्यासाठी वाऱ्याआडच्या बाजूचे दोर सैल सोडून वाऱ्याकडचे आवळत, म्हणजे ताण दर वळणाला बदलत असे. १५१० नंतर जुने गोवे येथील पोर्तुगीज गोदीत युरोपीय धर्तीची जहाजे बांधली जाऊ लागली आणि दोन्ही बाजूंनी कायम ताणलेले दोर येथे रुळले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काथ्याचा दोर फार लवचिक असल्याने देशी नौकांत कायम ताण शक्यच नव्हता, असाही एक तर्क मांडला जातो. पण पोर्तुगीजांनीही येथे काथ्या भरपूर वापरला. तेव्हा दोराच्या जातीपेक्षा परबाण फिरवण्याची गरज हेच मुख्य कारण असावे.

पद्धती : आज बहुतेक नौकांवर एकोणीस पदरी स्टेनलेस स्टीलची तार असते. प्रथम नौका धक्क्याला, वारा पडलेला असताना, काठीचा शेंडा मध्यावर आणतात. त्यासाठी शेंड्यावरून सोडलेली पोलादी फीत दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटपर्यंत (श्राउड नौकेला जोडणाऱ्या पट्टीपर्यंत) मोजतात. मग मागचा कल ठरवून मुख्य श्राउड आलटून-पालटून सारख्या फेऱ्यांनी आवळतात. ताण मोजण्याची सोपी रीत ताणवाढीवर आधारलेली आहे : एकोणीस पदरी तारेचा दोन मीटरचा भाग १ मिलिमीटर लांबला, की तुटभाराच्या (ज्या भाराला तार तुटते त्याच्या) सुमारे ५ टक्के ताण आला. तारेची जाडी कितीही असली तरी हे प्रमाण टिकते. मुख्य श्राउडला बहुधा १५ ते २० टक्के ताण देतात. खालच्या श्राउडना त्याहून कमी. शेवटची तपासणी पाण्यात, वारा येतो त्या दिशेच्या शक्य तितके जवळून जाताना, नौका १५-२० अंश कलल्यावर होते. वाऱ्याआडचा मुख्य श्राउड लोंबू नये आणि काठी खालून पाहता सरळ दिसावी. दोष दिसला तर बाजू पालटून, सैल झालेल्या तारेचाच ताण बदलतात. डिसेंबर ते मेदरम्यान गोव्यात सकाळी जमिनीवरून मंद आणि दुपारनंतर वायव्येचा वारा असल्याने दोन्ही टप्पे एका दिवसात उरकणे सोयीचे पडते.

उष्ण, खाऱ्या हवेत तारेपेक्षा तिची दाबून बसवलेली टोके आधी दगा देतात. आत साचलेल्या पाण्याला ऑक्सिजन मिळत नाही, क्रोमियम ऑक्साइडचा संरक्षक थर टिकत नाही आणि बारीक तडे जातात. जुळणी कितीही नेमकी असली तरी अशी तार बदलावीच लागते. टर्नबकलच्या पिना तपासण्याचे सर्वपरिचित काम येथे विस्ताराने देण्याची गरज नाही.

गोव्यातील नौका : दिवाडीच्या अ‍ॅक्वेरियस गोदीत बांधलेल्या ‘म्हादेई’ (२००९) आणि ‘तारिणी’ (२०१७) या नौदलाच्या शिडाच्या नौकांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या. ‘तारिणी’ची डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच आहे. याच गोदीत बांधलेल्या ‘थुरिया’ या शिडाच्या नौकेची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळात नौका उलटल्याने मोडली; काठी मोडल्याचा दोष जुळणीकडे देता येत नाही.