सफाई मासे (खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीतील)

सफाई मासे : इतर माशांच्या त्वचेवरचे, कल्ल्यांतले आणि तोंडातले परजीवी टिपून जगणारे लहान समुद्री मासे. मुंबईत घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारे ‘क्लीनर’ म्हणून ज्याची मागणी करतात तो बहुधा निळा सफाई रॅस (लॅब्रॉयडिस डायमिडिएटस) असतो. या नावाने घोटाळा होतो. गोड्या पाण्याच्या टाकीत काचेवरचे शेवाळ खरवडणारा ‘सकर’ ज्याने पाळला आहे, त्याला हाही टाकी साफ करील असे वाटते. सफाई मासा काच, वाळू किंवा दगड यांना तोंड लावत नाही. त्याचे काम फक्त माशांशी असते.

लॅब्रॉयडिस प्रजातीत पाच जाती मानल्या जातात. त्यांपैकी डायमिडिएटस ही तांबड्या समुद्रापासून मध्य पॅसिफिकपर्यंत पसरलेली आहे. लांबी जास्तीत जास्त १४ सेंमी.; निळसर अंगावर तोंडापासून शेपटीकडे रुंद होत जाणारा काळा पट्टा. जातीचे वर्णन व्हॅलेन्सिएन यांनी १८३९ मध्ये केले. तिची हुबेहूब नक्कल वाटणारा ॲस्पिडॉन्टस टिनिएटस हा ब्लेनी मासा मात्र १८३४ मध्येच नोंदला गेला होता, म्हणजे शास्त्राच्या दप्तरात नकली आधी आला आणि अस्सल मागून. हा तोतया इतर माशांचे पर कुरतडण्यासाठी सोंग घेतो, असे जुन्या ग्रंथांत ठामपणे सांगितलेले आढळते. नळीकृमींचे तंतू व माशांची अंडी हेच त्याचे मुख्य खाद्य असल्याची निरीक्षणे पुढे आली, त्यामुळे हे सोंग निदान अंशतः स्वसंरक्षणासाठी असावे हे मत अधिक ग्राह्य वाटते. विकत घेताना ओळख तोंडावरून पटते : अस्सल माशाचे तोंड थेट टोकाला असते, तोतयाचे खालच्या बाजूला.

या सफाईचा गिऱ्हाईक माशांना खरोखर किती उपयोग होतो, हा वाद मोठा आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ कॉनराड लिंबॉ यांनी बहामा बेटांजवळच्या दोन एकाकी खडकांवरून सफाई करणारे जीव काढून टाकले. दोनेक आठवड्यांत बहुतेक मासे तेथून निघून गेले, असे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात आहे. हवाईत यंगब्लूथ (१९६८) आणि लोझी (१९७२) यांनी तसेच करून पाहिले, पण फरक आढळला नाही. त्यानंतर बराच काळ संशयवाद्यांचे पारडे जड होते. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटावर ग्रटर यांनी १९९६ मध्ये दाखवले की एक सफाई रॅस दिवसाला सुमारे १,२०० परजीवी खातो. त्यांत नॅथिड हे रक्तशोषक समपाद (कोळंबीच्या वर्गातले बारीक कवचधारी जीव) मुख्य. त्याच बेटावर साडेआठ वर्षे रॅसविना ठेवलेल्या लहान खडकांवर निवासी माशांची संख्या ३७ टक्क्यांनी व जातींची संख्या २३ टक्क्यांनी कमी भरली (२०११). एवढ्या दीर्घ मुदतीचा पुरावा असल्यामुळे आज उपयुक्ततेचा पक्ष सरस ठरतो. हवाईतील प्रयोगांची मुदत अपुरी होती, हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. मात्र निवड करायची मुभा मिळाली तर हा मासा परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा श्लेष्म (बुळबुळीत थर) पसंत करतो, हे ग्रटर व ब्शारी यांनी २००३ मध्ये सिद्ध केले.

घरच्या टाकीतली अडचण येथूनच सुरू होते. खडकावर ज्याच्याकडे दिवसाला दोन हजारांच्या आसपास वेळा गिऱ्हाईक येते, त्याच्या वाट्याला दिवाणखान्यात सहा-सात मासे येतात आणि त्यांच्या अंगावर नॅथिड जवळजवळ नसतात. मग तो श्लेष्मासाठी त्याच माशांच्या मागे लागतो, ते बिथरतात, दगडामागे दडतात, आणि रॅस हळूहळू खंगून मरतो. तयार खाद्याला तोंड न लावणारा रॅस आणूच नये. दुकानदाराला त्याला समोर खाऊ घालायला सांगावे. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) किंवा अगदी बारीक चिरलेला ताजा जवळा तो टिपत असेल, तरच पुढचा विचार करावा. एका टाकीत दोन नर ठेवू नयेत. हे मासे एक नर व अनेक माद्या अशा गटात राहतात. नर मेला की मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते व दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण नर बनते (रॉबर्टसन, १९७२).

रॅस विकत घेण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे माशांवर आलेले पांढरे ठिपके, आणि नेमके तेच कारण चुकीचे आहे. हा रोग क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स या एकपेशीय जीवामुळे होतो. तो त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून बसतो, तेथे रॅसचे तोंड पोहोचत नाही. उलट तोच रॅस आजारी पडतो. आजारी मासे वेगळ्या टाकीत काढून तांब्याची मोजून मात्रा देणे हा जुना उपाय आहे. मुख्य टाकीत तांबे घातल्यास कोळंबी व इतर अपृष्ठवंशी जीव मरतात.

घरासाठी निऑन गोबी (इलॅकॅटिनस) अधिक योग्य. कॅरिबियन भागातला हा जेमतेम पाच सेंमी.चा मासा, आपल्या खाडीतल्या निवटीचा दूरचा नातलग. तो टाकीत जन्मवता येतो, त्यामुळे खडकावरून पकडावा लागत नाही, आणि साधे खाद्यही तो आवडीने खातो. सफाई कोळंबी (लिस्माटा) हा दुसरा पर्याय.

मुंबईकरांना खाऱ्या पाण्यातले शोभेचे मासे जवळून पाहायला मिळाले ते मुख्यतः १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात; घरगुती टाक्या रुळल्या त्या बऱ्याच नंतर असाव्यात. क्रॉफर्ड मार्केट हे खरेदीचे जुने ठिकाण. किनाऱ्यावरचे पाणी गढूळ असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते, म्हणून ते न वापरता आरओ पाण्यात तयार मीठ मिसळून घनता १.०२३ ते १.०२५ ठेवतात. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर जाऊ लागले की चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतोच. टाकीत जिवंत प्रवाळ ठेवण्याचा मोह होतो. खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत.