स्पोर्ट्स कारचे टायर: काटकसर कोठे करावी

गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरत जाते, तिला लागणाऱ्या टायरची मात्र उतरत नाही. त्यामुळे बरीच वर्षे वापरलेली एखादी स्पोर्ट्स कार पुण्यात नव्या सेडानच्या भावात मिळाली, तरी टायर गोटा झाले की तिचे मूळ घराणे मालकाच्या ध्यानात येते. 205/55 आर 16 (रुंदी 205 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, रिम 16 इंची) हे माप अनेक सेडानना लागते, अनेक कंपन्या ते बनवतात आणि स्पर्धेमुळे त्याचा दर आवाक्यात राहतो. याउलट 255/40 आर 17 मागणारे गिऱ्हाईक नाना पेठेतल्या दुकानात क्वचितच येते. त्यातच जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले, त्यामुळे अशा मापांत निवडीला फारसा वाव उरत नाही. अशा वेळी ‘सर्वांत स्वस्त कोणता’ असे विचारण्यापेक्षा टायरच्या कोणत्या गुणासाठी पैसे मोजावे लागतात आणि त्यांतला कोणता गुण आपल्या वापरात खरोखर कामी येतो, हे पाहणे अधिक फायद्याचे ठरते.

सुमारे 1,300 किलो वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर साधारण सव्वातीनशे किलो भार येतो. टायरमध्ये 33 पीएसआय हवा असेल, तर हा भार तोलण्यासाठी रबराचा अंदाजे 140 चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो, म्हणजे टपाल खात्याच्या पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठा. टायर रुंद घेतला म्हणून हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही, कारण ते मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरते. रुंदीमुळे बदलतो तो त्याचा आकार: तो आडवा पसरतो आणि पुढून-मागे आखूड होतो. कोरड्या वळणावर हा आकार उपयोगी पडतो, पाण्यात मात्र तो अडचणीचा ठरतो.

या एवढ्याशा जागेत पकड निर्माण होते ती दोन प्रकारे. रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात रबर खडीच्या बारीक उंचवट्यांवर दबते आणि पूर्ववत होताना दबण्यासाठी लागलेली सगळी ऊर्जा परत न देता तिचा काही भाग उष्णतेच्या रूपाने गमावते. रस्ता ओला असला की पहिला प्रकार दुबळा होतो आणि बराचसा भार दुसऱ्यावर येतो. परंतु ऊर्जा गमावणारे रबर नुसते सरळ रस्त्यावर फिरतानाही ती गमावते, त्यामुळे इंधन जास्त जळते. काळ्या कार्बनची भुकटी मिसळलेल्या पारंपरिक रबरात ही कोंडी सुटणे कठीण होते. 1992 मध्ये मिशेलिनने सिलिका मिसळलेले टायर बाजारात आणले आणि ओल्या रस्त्यावरील पकड न गमावता इंधनाची बचत साधली. सिलिका रबरात सहजासहजी एकजीव होत नाही. त्यासाठी सिलेन नावाची रसायने वापरावी लागतात आणि मिश्रणाचे तापमान काटेकोरपणे सांभाळावे लागते. चांगल्या टायरच्या किमतीतला एक भाग या खटाटोपाचा असतो, आणि माझ्या मते तो मोजण्यासारखा आहे.

का मोजावा, हे साध्या गणितावरून कळते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन सारख्या गाड्या ओल्या रस्त्यावर एकाच जागी ब्रेक लावतात. एकीच्या टायरचा घर्षणांक 0.7 आहे, दुसरीच्या टायरचा 0.6. पहिली गाडी सुमारे 36 मीटरवर थांबते. त्याच ठिकाणी दुसरी गाडी अजून ताशी 30 किलोमीटर वेगाने पुढे जात असते आणि तिला थांबायला आणखी सहा मीटर लागतात. घर्षणांकातला फरक कागदावर किरकोळ वाटतो. पुढे रिक्षा उभी असेल, तर तो किरकोळ राहत नाही.

भारतात ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान पातळी एआयएस-142 या मानकाने ठरवली असून ऑक्टोबर 2022 पासून नव्या रचनेच्या टायरना ते लागू झाले. ही मानके प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर आहे. मात्र मानक केवळ किमान पातळी सांगते. त्याच्या वर कोण किती, हे त्यातून कळत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या टायरवर ए ते ई अशी श्रेणी दिलेली असते आणि ती इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. आपल्या मापाचे नेमके तेच मॉडेल तेथे असेल, तर ही श्रेणी पाहूनच दुकानात जावे. टायरच्या बाजूवर कोरलेली अमेरिकी ‘ट्रॅक्शन’ श्रेणी यासाठी तितकी उपयोगी नाही, कारण ती चाक पूर्ण जाम करून, सरळ रेषेत मोजतात. एबीएस असलेल्या गाडीत चाक जाम होतच नाही आणि वळणावरच्या पकडीबद्दल ती श्रेणी काहीच सांगत नाही.

‘ऑल सीझन’ हे नाव ऐकून पावसाळ्यासाठी तोच टायर बरा, असे अनेकांना वाटते. पण त्यातला जादा ऋतू बर्फाचा असतो. थंडीत रबर कडक होऊ नये म्हणून त्याच्या मिश्रणात तडजोड केलेली असते आणि तिची गरज साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली भासते. पुण्यात दिवसा तापमान तेवढे उतरत नाही. ज्याला युरोपात ‘समर’ टायर म्हणतात, तोच ताम्हिणीच्या जुलैमधल्या पावसालाही योग्य ठरतो.

पाणी साचलेल्या रस्त्यावर मात्र रबरापेक्षा नक्षी महत्त्वाची. तिच्या खाचांतून पाणी वेळेत बाहेर पडले नाही, तर टायर पाण्यावर उचलला जातो आणि स्टिअरिंग हलके पडते. 1960 च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांसाठी एक सूत्र मांडले होते: टायरमधील पीएसआयमध्ये मोजलेल्या दाबाच्या वर्गमुळाला सुमारे 16.7 ने गुणले की तरंगण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. 33 पीएसआयला तो सुमारे 96 येतो, तर 24 पीएसआयला 82. मोटारीच्या रुंद टायरसाठी हे आकडे अंदाजापुरतेच घ्यावेत, परंतु द्रुतगती मार्गावरची ताशी 100 किलोमीटरची मर्यादा त्यांच्या किती जवळ आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिलिमीटर खोल असतात आणि कायद्याने 1.6 मिलिमीटरपर्यंत चालतात. पावसाळा तोंडावर असेल, तर रुंद टायरच्या बाबतीत 3 मिलिमीटरलाच थांबावे. ‘अजून निम्मा आहे’ म्हणून विकला जाणारा वापरलेला टायर त्यामुळे फारसा स्वस्त पडत नाही.

आता पैसे वाचवण्याच्या जागा. पहिली जागा आयुर्मानाची आहे. टायरवरचा ‘ट्रेडवेअर’ आकडा जितका मोठा, तितका तो सावकाश झिजतो, असे मानतात. हा आकडा कंपनी स्वतःच ठरवत असल्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची करावी. पण मुळात आपण गाडी किती चालवतो? केवळ रविवारी सकाळी लोणावळ्यापर्यंत जाणारी गाडी वर्षाकाठी 3,000 किलोमीटर धावत असेल, तर 40,000 किलोमीटर टिकणारा टायर झिजायला तेरा वर्षे लागतील. तोपर्यंत प्राणवायू, ओझोन आणि ऊन यांनी रबर कडक होऊन तडकलेले असेल. सहा वर्षांनी टायर संशयास्पद मानायचा, तर अशा गाडीला 20,000 किलोमीटर टिकणारा मऊ टायरही पुरतो आणि जादा टिकाऊपणासाठी दिलेले पैसे वाया जातात. रोज हिंजवडीला ये-जा करणाऱ्याचे गणित अर्थातच उलटे आहे. त्याने किंमतीला अपेक्षित किलोमीटरने भागून पाहावे.

दुसरी जागा मापाची आहे आणि माझा कल तिच्याकडे अधिक आहे. 225/40 आर 18 या टायरची बाजू 90 मिलिमीटर उंच असते. 225/45 आर 17 मध्ये ती सुमारे 101 मिलिमीटर होते, पण एकूण व्यास अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी बदलतो. त्यामुळे स्पीडोमीटरच्या आकड्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. खड्ड्याच्या कडेवर टायर आदळतो तेव्हा त्याची बाजू रिम आणि कडा यांच्यात चेपली जाते, आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. पुण्यातल्या रस्त्यांवर ते 11 मिलिमीटर पुष्कळ वाचवतात, शिवाय 17 इंची टायर बहुतेक वेळा स्वस्तही मिळतो. वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित मंदावतो, हे मान्य केले पाहिजे. असा बदल करताना ते माप गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांपैकी आहे ना आणि लहान रिममध्ये ब्रेकचा कॅलिपर मावतो ना, याची खात्री आधी करून घ्यावी.

मापापुढचे अंक-अक्षर मात्र घासाघिशीचा विषय नाही. 91 डब्ल्यू म्हणजे प्रत्येक टायरला 615 किलो भार आणि ताशी 270 किलोमीटर वेग. एवढा वेग आपल्याकडे कोणी गाठत नाही, तरी हे अक्षर त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता सोसण्याची क्षमता सांगते. म्हणून दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या पातळीच्या खाली जाऊ नये. पोर्शेचा ‘एन’ किंवा बीएमडब्ल्यूची चांदणी यांसारखी खूण असलेला टायर त्या गाडीसाठी जुळवून घेतलेला असतो. तो मिळाला तर उत्तम, पण त्यासाठी जुना साठा उचलू नये. टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत, त्यांत निर्मितीची तारीख असते: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दुर्मीळ मापाचे टायर दुकानात वर्षानुवर्षे पडून असतात, तेव्हा सवलत कशापायी मिळते आहे हे या चार आकड्यांतच कळते.

चारही टायर एकदम घेणे जमत नसेल, तर एकाच मॉडेलचे दोन घ्यावेत आणि नवे मागे बसवावेत. ओल्या वळणावर मागची चाके आधी सुटली, तर गाडी सावरणे सामान्य चालकाला जमत नाही. पुढे 205 आणि मागे 255 अशी वेगवेगळी मापे असलेल्या गाडीत हा पर्याय अर्थातच नाही, कारण पुढचे टायर मागे जात नाहीत. तेथे एका आसावरची जोडी त्या-त्या वेळी बदलावी, मात्र पुढचे-मागचे मॉडेल एकच ठेवावे. नवे टायर बसवण्यापूर्वी जुन्यांच्या आतल्या कडेवरून हात फिरवून पाहावा. आतली बाजू जास्त झिजलेली असेल, तर अलाइनमेंट बिघडलेली आहे किंवा सस्पेन्शनचे बुश गेलेले आहेत, आणि ते आधी दुरुस्त केले नाही तर नवी जोडीही तशीच झिजेल.