शाळेतली प्ले थेरपी: वाळूच्या ट्रेमागची शंभर वर्षं

नाशिकमधल्या एखाद्या शाळेत प्ले थेरपीची, म्हणजे खेळातून मुलाला मन मोकळं करू देणाऱ्या समुपदेशनाची, खोली करायचं ठरलं की सगळ्यात आधी खेळण्यांची यादी निघते. खेळणी लागतातच. पण त्या खोलीत मोठ्या माणसाने काय करू नये, ही यादी जास्त मोलाची आहे, आणि ती बऱ्याच वादांनंतर हाती आली आहे.

पहिला वाद 1920 च्या दशकातला. मोठी माणसं मनात येईल ते बोलतात तसं मूल खेळतं, तेव्हा खेळाचा अर्थ लावून तो मुलाला सांगावा, असं मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांचं म्हणणं. ॲना फ्रॉइडही मनोविश्लेषक, पण त्या आधी शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी अर्थ लावण्याची घाई नाकारली आणि मुलाशी नातं जुळण्याला पहिलं स्थान दिलं. हा वाद आजही शाळेत जिवंत आहे. मुलाने वाळूच्या ट्रेमध्ये खेळण्यातला साप ठेवला की ‘याला भीती वाटते’ अशी नोंद करायचा मोह होतो. निफाडच्या मुलाने ट्रेमध्ये बिबट्या ठेवला, तर तो उसातला खराखुरा बिबट्याही असू शकतो! म्हणून वहीत ‘बिबट्या घराच्या मागे, तोंड दाराकडे’ एवढंच लिहावं. अर्थ अनेक भेटींनंतर, आणि तोही सावधपणे.

ट्रेची गोष्ट लंडनची. मार्गारेट लोवेनफेल्ड या बालरोगतज्ज्ञांनी 1928 मध्ये मुलांसाठी क्लिनिक काढलं. तिथे छोट्या खेळण्यांची पेटी होती आणि वाळूचा ट्रेही होता. दोन्ही एकत्र करून आपलं ‘जग’ मांडायची कल्पना मुलांचीच; लोवेनफेल्ड यांनी तिला पद्धतीचं रूप दिलं. 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ त्यांच्याकडे शिकल्या आणि मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या विचारांची जोड देऊन त्यांनी ही पद्धत पुढे नेली. काल्फ यांचं माप आजही चालतं: 57 × 72 सेंटिमीटर, खोली 7 सेंटिमीटर. मान न वळवता सगळं एका नजरेत मावतं. आतून निळा रंग, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसतं.

साडेतीन सेंटिमीटर थर द्यायचा तर साधारण 14 लिटर, म्हणजे वीस-बावीस किलो वाळू लागते. टेबल भक्कम हवं आणि मुलाच्या कमरेइतकंच उंच. बांधकामाची क्रश सँड घेऊ नये, ती हाताला टोचते. नदीची बारीक वाळू धुऊन, चाळून, उन्हात वाळवून घ्यावी. त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाळ्यात तिला कुबट वास येतो. ऊन पडलं की ताडपत्रीवर पसरावी. ओल्या वाळूचा ट्रे वेगळा असला तर बरं. खेळण्यांत घर, माणसं, भातुकली, बैल, शेळ्या, एसटी, ट्रॅक्टर, डॉक्टरची पेटी, पोलीस, कुंपण असावं. बॅटरीवर चालणारं काही नको, कारण त्याचा खेळ आधीच ठरलेला असतो.

पण शाळांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांचं काम. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या विचारांवर उभं राहून त्यांनी 1947 मध्ये आठ तत्त्वं मांडली. मूल पुढे चालेल, मोठं माणूस मागे, घाई नाही, मर्यादा लागतील तेवढ्याच. ऐकायला सोपं वाटतं, पण शिक्षकाला हे फार जड जातं, कारण ‘शाब्बास’ ओठांवरच असतं. शाबासकी दिली की मूल पुढच्या वेळी शाबासकीसाठी खेळतं. त्याऐवजी दिसलं ते बोलावं: “तू सगळी भांडी पुरलीस.” मूल मारायला धावलं तर एका दमात तीन गोष्टी सांगाव्यात: “तुला खूप राग आलाय. मला मारायचं नाही. उशीला मारता येईल.”

भेट आठवड्यातून एकदा, 30 ते 45 मिनिटं, वार आणि तास ठरलेले. संपायच्या पाच मिनिटं आधी सांगावं. मुलासमोर ट्रे मोडू नये आणि मांडणीचा फोटो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कधीच टाकू नये. गृहपाठ केला नाही म्हणून भेट रद्द करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे: भेट बक्षीस ठरली की विश्वास गेला. वर्गशिक्षकाने आपल्याच वर्गातल्या मुलाबरोबर समुपदेशकाची भूमिका घेऊ नये. आणखी एक: लैंगिक अत्याचाराची गोष्ट समजली तर पॉक्सो कायद्याने (2012) ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘सगळं गुपित राहील’ असं पहिल्या दिवशी म्हणूच नये.

महाराष्ट्रात खेळाची वाट शिक्षणातून आली. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा चालवल्या. साधनं म्हणजे खडे, शिंपले, पानं. ती थेरपी नव्हती. पण सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळांना हाच वारसा जवळचा आहे. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं मूल मराठीत मन मोकळं करेलच असं नाही. वाळूत ते करतं. समुपदेशकाला घरातल्या वस्तूंची आणि नात्यांची त्या बोलीतली नावं मात्र यायला हवीत.

25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला सांगितलं. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं आहे. पाड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेला दुसरी वाटच उरते, आणि तिथे तज्ज्ञ आठवड्याला नेमाने पोचणं हीच खरी अडचण.

त्यात द्राक्षांचा हंगाम. छाटणी-काढणीसाठी कुटुंबं दिंडोरी-निफाडला उतरतात आणि मूल मध्येच निघून जातं. म्हणून पालकांना जायची तारीख आधीच विचारावी, उरलेल्या भेटींइतके खडे वाटीत ठेवावेत आणि दर वेळी एक खडा मुलाने स्वतः काढावा. शेवटच्या भेटीत ट्रे तसाच ठेवायचा की आवरायचा, तेही त्यानेच ठरवावं.