पोरकं काडतूस

वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर पॉइंट टू टूचा, म्हणजे साधारण ०.२२ इंच जाडीच्या गोळीचा, सराव संपला की जमिनीवर पितळी पुंगळ्यांचा सडा पडलेला असतो. त्यातली एक उचलून तिचं बूड बघा. लष्करी काडतुसाच्या बुडाला मधोमध जी गोल टिकली असते, ती इथे नाही. खूण आहे ती अगदी कडेला. रायफलीच्या पिनेने तिथेच घाव घातलेला असतो आणि पितळ चेपलेलं दिसतं. हे रिमफायर काडतूस. त्याचं सगळं नशीब या चेपलेल्या कडेत दडलेलं आहे.

पुंगळीचा पत्रा बुडाशी दुमडलेला असतो आणि त्या घडीच्या पोटात पेट घेणारं मिश्रण असतं. कारखान्यात ते ओलं असतानाच पुंगळीत टाकतात आणि पुंगळी गरगर फिरवतात. मिश्रण बाहेर फेकलं जाऊन घडीत शिरतं, तिथेच वाळतं. एखाद्या जागी ते पोचलंच नाही आणि पिन नेमकी तिथे आपटली, की बार फुसका. रेंजच्या नियमाप्रमाणे थोडं थांबून, तेच काडतूस जरा फिरवून पुन्हा भरलं तर पुष्कळदा उडतं.

आता यातली अडचण बघा. पिनेला चेपता यावा म्हणून पत्रा पातळ हवा, आणि पातळ पत्रा दाब सोसत नाही. पॉइंट २२ लाँग रायफल या नेहमीच्या काडतुसाची दाबाची मर्यादा २४,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण १,६०० पट. ऐकायला खूप वाटतं, पण लष्करी रायफलीत याच्या दुपटीहून जास्त दाब असतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सेंटरफायरची, म्हणजे मधोमध टिकली असलेल्या काडतुसाची, टिकली बदलता येते, त्यामुळे कायदा परवानगी देतो तिथे हौशी लोक जुन्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. रिमफायरची कड एकदा चेपली की पुंगळी भंगारात. वापरणाऱ्याची सगळी भिस्त कारखान्यावर.

अमेरिकेतल्या रेमिंग्टन कंपनीच्या ५ मिलिमीटर रिमफायर मॅग्नमचा घात या दुसऱ्या गोष्टीने केला. साधारण १९७० साली आलेलं हे काडतूस कागदावर उत्तम होतं. जेमतेम अडीच ग्रॅमची गोळी सेकंदाला ६४० मीटर वेगाने सुटायची. ऊर्जा भरते सुमारे ५०० ज्यूल, म्हणजे पॉइंट २२ लाँग रायफलच्या अडीच ते साडेतीन पट. १९५९ पासून बाजारात असलेल्या पॉइंट २२ मॅग्नमलाही ते मागे टाकत होतं. पण पुंगळी वेगळी आणि गोळीचा ५.२ मिलिमीटर व्यासही कुणाशी न जुळणारा. त्यासाठी रेमिंग्टनने काढलेल्या रायफली दोनच, मॉडेल ५९१ आणि ५९२. बाकीच्या बंदूकवाल्यांनी ते उचललं नाही. १९७४ साली रायफली बंद झाल्या, पुढे काडतुसंही. हजारो चांगल्या रायफली कपाटात पडून राहिल्या. काहींनी खटाटोप करून बोल्ट, म्हणजे पिन असलेला सरकता भाग, बदलला आणि त्या सेंटरफायर करून घेतल्या. २००८ च्या सुमारास मेक्सिकोच्या अगिला कंपनीने हे काडतूस पुन्हा काढलं, तेव्हा कुठे त्या रायफलींना खाऊ मिळाला. तोही एकाच घरचा.

उलट २००२ सालचं पॉइंट १७ एचएमआर बघा. हॉर्नडी कंपनीने नवी पुंगळी बनवण्याच्या फंदात न पडता पॉइंट २२ मॅग्नमचीच पुंगळी घेतली, तिची मान आवळली आणि वर १.१ ग्रॅमची इवलीशी गोळी बसवली. वेग सेकंदाला जवळपास ७८० मीटर. रायफल बनवणाऱ्याला मुख्यतः नळी तेवढी बदलायची, बोल्ट आणि मॅगझिन होतं तेच चालत होतं. त्यामुळे एकामागून एक कंपन्या पुढे आल्या. ऊर्जेत ते ५ मिलिमीटरपेक्षा बरंच कमी आहे, तरी जगलं. माझ्या मते रिमफायरच्या इतिहासातली सगळ्यात शहाणी कल्पना हीच. अर्थात नुसतं जुनं वापरून भागतं असंही नाही. २००४ साली हीच युक्ती लाँग रायफलच्या किंचित लांब पुंगळीवर केली, ते पॉइंट १७ मॅक टू. मोठ्या भावाच्या जवळपास किमतीला कमी वेग कोण घेणार? ते रडतखडतच चाललं.

पितळाची अडचण मात्र विंचेस्टरने मजेशीर वाटेने सोडवली. मुंबईत फॉल्स सीलिंगवाले काँक्रीटमध्ये खिळे ठोकायला जी गन वापरतात, तिच्या काही जाती खऱ्याखुऱ्या छोट्या काडतुसावर चालतात. बिनगोळीचं काडतूस, तेही रिमफायर. मात्र त्याचं पितळ चांगलं जाड असतं. त्यातलीच पॉइंट २७ ची पुंगळी घेऊन २०१३ च्या सुमारास पॉइंट १७ विंचेस्टर सुपर मॅग्नम आलं. दाब ३३,००० पीएसआय, वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर. पण जाड कड चेपायला पिनेचा घावही तसाच जोरदार हवा, म्हणजे पुन्हा नवी रायफल आली.

ही सगळी वेगवान मंडळी शेताची नासधूस करणारे छोटे प्राणी टिपायला जन्मली. आपल्याकडे शिकारीवर बंदी, त्यामुळे ते गिऱ्हाईकच नाही. उरतात नेमबाज, आणि त्यांच्या ५० मीटर रायफल स्पर्धेत नियमाने पॉइंट २२ लाँग रायफलच चालतं. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवलं ते १८८७ साली जन्मलेल्या या काडतुसावर. तिथे दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि वेगाची हौस कुणालाच नाही. स्पर्धेची गोळी मुद्दाम सेकंदाला ३२५-३३० मीटरवर ठेवतात. आवाजाचा वेग मुंबईच्या ३० अंशांत ३४९ मीटर असतो. गोळी तो ओलांडून वाटेत पुन्हा खाली उतरली, तर त्या टप्प्यावर डगमगते. म्हणून वेगाच्या मागे लागण्यापेक्षा नेमबाज एकाच काडतुसाचे वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा, आपल्या रायफलीतून झाडून बघतो. ज्या लॉटची भोकं कागदावर सगळ्यात जवळजवळ पडतात, त्याच्या पेट्या परवान्यात बसतील तेवढ्या घेऊन ठेवतो.