कर्नलमधला १००० नेमका कशाचा?

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, वेळेच्या हिशेबात जागोजागी नुसता १००० दिसतो; त्याच्या जागी नाव घालावं का, हा प्रश्न आहे. इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स सुरू झालं तेव्हा टायमर सेकंदाला १०० टिक, म्हणजे ठोके, द्यायचा. या दराला कर्नलमध्ये ‘एचझेड’ म्हणतात आणि टिक मोजत राहणाऱ्या काउंटरला ‘जिफीज’. ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तो शंभर इतका पक्का बसला, की ‘शेड्यूल_टाइमआउट(१०)’ म्हणजे १० टिक, अर्थात १०० मिलिसेकंद थांबायचं, हे गृहीतच धरलं जायचं. अल्फा प्रोसेसरवर एचझेड १०२४ होता, पण सगळ्यांची नजर पीसीवर.

कर्नलच्या २.५ या आवृत्ती-मालिकेत पीसीवरचा एचझेड १००० झाला आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ बरोबर तो सर्वांपर्यंत पोहोचला. आता त्याच ओळीचा अर्थ झाला १० मिलिसेकंद! कोडमधलं अक्षरही हललं नव्हतं, पण हार्डवेअरला उत्तर द्यायला मिळणारा वेळ दहापटीने घटला. २००५ मध्ये २.६.१३ ने तर १००, २५० की १००० ही निवड कर्नल बिल्ड करणाऱ्यावरच सोपवली. बाहेरच्या प्रोग्रॅमांसाठी मात्र ‘युजर_एचझेड’ १०० वरच ठेवावा लागला, कारण त्यांनीही तोच आकडा धरून चालवलं होतं.

मिलिसेकंदांचे जिफीज करून देणाऱ्या ‘एमसेक्स_टू_जिफीज’ला महत्त्व आलं ते यामुळे: वेळ मिलिसेकंदात सांगायचा, टिकांचा हिशेब कर्नल करेल. २००६ मध्ये २.६.१६ ने हाय-रिझोल्यूशन टायमर आणले आणि नॅनोसेकंदांची भाषाही रुळली. मग एखाद्या भागाकारातला नुसता १००० पाहून कळेना, की सेकंदातले मिलि, मिलितले मायक्रो की मायक्रोतले नॅनो. ‘एमसेक_पर_सेक’, ‘यूसेक_पर_एमसेक’, ‘एनसेक_पर_यूसेक’ ही नावं ते एका नजरेत सांगतात.

पण प्रत्येक १०००च्या जागी ही नावं घालत सरसकट शोधा-आणि-बदला करणं मला धोक्याचं वाटतं. तिन्हींची किंमत १०००च असल्याने चुकीचं नाव घातलं तरी कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर चूं करत नाही, आणि पुढचा वाचणारा त्या नावावर विश्वास ठेवून फसतो. नुसत्या आकड्यापेक्षा हे वाईट. ‘एनसेक_पर_सेक’ची गोष्ट आणखी वेगळी: तो ‘लाँग’ या पूर्णांक-प्रकारातला आहे. ३२ बिटांच्या मशीनवर एक अब्ज त्यात मावतो, पण त्याला ३ सेकंदांनी गुणलं की सुमारे २.१४ अब्जांची मर्यादा ओलांडली जाते. तिथे नाव कितीही चांगलं असो, आधी ६४ बिटांत कास्ट करावंच, म्हणजे त्या मोठ्या प्रकारात बदलून घ्यावंच लागतं.

सेकंदांसाठी सरळ ‘सेक्स_टू_जिफीज’ हवं, हे ब्लूटूथच्या कोडने आधीच ओळखलं होतं. तिथलं ते मॅक्रो, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, उचलून कर्नलच्या ६.१३ आवृत्तीत सगळ्या कर्नलसाठी खुलं झालं. तेव्हापासून मिलिसेकंदांसाठी केलेले ‘गुणिले १०००’ एकेका ड्रायव्हरमधून काढले जाताहेत.