व्यसनाच्या पेशंटसाठी जीपींचं प्रशिक्षण: क्रेडिट पॉइंट, पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पन्नाशीच्या एका पेशंटला मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या हॉस्पिटलला पाठवलं. चिठ्ठीत साखर लिहिली, बीपी लिहिलं, चालू गोळ्या लिहिल्या. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या रात्री त्याने सलाईन उपटलं, चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागला, पोटच्या मुलाला ओळखेना. मुंग्या कुठेच नव्हत्या. नातेवाईक म्हणाले भूल चढली, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे. तो रोज एक क्वार्टर दारू घेत होता आणि तीन दिवस त्याला थेंबही मिळाला नव्हता. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. पेशंट वाचला. मी मात्र त्यानंतर या विषयाचं रीतसर शिक्षण शोधायला लागलो. त्या शोधात अर्ज, पात्रता, कागदपत्रं यांबद्दल जे कळलं ते महाराष्ट्रातल्या जनरल प्रॅक्टिशनर (जीपी) मित्रांसाठी इथे एकत्र लिहितोय.

व्यसनाचा पेशंट मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, आपल्याकडे नाही, हा आपल्यातला जुना गैरसमज. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक, म्हणजे साधारण १६ कोटी, दारू घेतात. दारूमुळे अपाय होत असलेले किंवा तिच्या पूर्ण आहारी गेलेले सुमारे ५.७ कोटी. आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. उरलेले ३७ जातात कुठे? पित्त झालं म्हणून, झोप लागत नाही म्हणून, हातापायाला मुंग्या येतात म्हणून, बाइकवरून पडलो म्हणून ते आपल्या ओपीडीतच बसलेले असतात. फॅमिली डॉक्टरचा दवाखाना हेच त्यांचं पहिलं दार असतं, आणि बऱ्याचदा शेवटचंही.

नियम काय सांगतो

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या व्यावसायिक आचारसंहितेत प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण (सीएमई) घ्यावं असं म्हटलं आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२चेच नियम पुन्हा लागू झाले. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, म्हणजे एमएमसीकडे, रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं आणि त्यासाठी या शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात.

या ३० पॉइंटमध्ये व्यसनाचा विषय असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. म्हणून आपण बहुतेक जण जवळच्या हॉटेलात होणाऱ्या मधुमेह आणि रक्तदाबाच्या सीएमई करतो, त्याही पाचव्या वर्षाच्या शेवटी, धावत पळत. त्या सीएमई वाईट नसतात. पण मधुमेहावर आपण आधीच रोज वाचत असतो, आणि व्यसनावर एमबीबीएसला मानसोपचाराची जी थोडकी पोस्टिंग झाली त्यानंतर काहीच नाही. ३० पैकी निदान पाच-सहा पॉइंट तरी या विषयाचे असावेत, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

प्रशिक्षण कुठे मिळतं

बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचं व्हर्च्युअल नॉलेज नेटवर्क मला जीपींसाठी सगळ्यात उपयोगाचं वाटतं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा यांनी हेपटायटिस सीच्या पेशंटसाठी २००३ मध्ये 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. निमहान्सने व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी तीच पद्धत घेतली. मध्ये तज्ज्ञांची टीम, बाकी आपण सगळे आपापल्या दवाखान्यातून मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर. तज्ज्ञ लेक्चर थोडंच देतात. एक डॉक्टर स्वतःची केस मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात आणि मग तज्ज्ञ बोलतात. गाव सोडावं लागत नाही, ओपीडी बुडत नाही.

दुसरं ठिकाण एम्सचं राष्ट्रीय औषध अवलंबित्व उपचार केंद्र. १९८८ पासून चालू असलेलं हे केंद्र गाझियाबादला आहे. इथलं प्रशिक्षण मुख्यतः सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी. सरकारी रुग्णालयांत चालणाऱ्या व्यसन उपचार सुविधांमधले डॉक्टर इथून तयार होतात.

इंडियन मेडिकल असोसिएशनच्या (आयएमए) शाखा आणि ठिकठिकाणच्या जनरल प्रॅक्टिशनर्स असोसिएशन अर्ध्या दिवसाच्या कार्यशाळा घेतात. त्यात या विषयाचं सत्र नसेल तर सेक्रेटरीला भेटून मागणी करा. चार सभासदांनी लेखी मागितलं की सत्र होतं, हा अनुभव आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय. अशा एखाद्या केंद्रात परवानगी काढून दिवसभर बसून पाहिलं तर पॉइंट मिळणार नाहीत, पण पेशंटला तिथे पाठवताना आपण काय सांगतोय ते आपल्याला कळेल.

पात्रता

एमबीबीएस किंवा त्यापुढची पदवी आणि राज्य कौन्सिलचं चालू रजिस्ट्रेशन, एवढी अट जवळपास सगळीकडे असते. 'चालू' हा शब्द महत्त्वाचा. रिन्यूअलची तारीख उलटून गेली असेल तर आधी ते काम उरका, मग अर्ज करा.

बीएएमएस आणि बीएचएमएस मित्रांची नोंदणी वेगळ्या परिषदांकडे असते, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथी. एमएमसीचे पॉइंट त्यांच्या रिन्यूअलला लागू नाहीत. पण खेड्यापाड्यात दारूचा, तंबाखूचा पेशंट सगळ्यात आधी त्यांच्याकडेच जातो. म्हणून पात्रतेच्या ओळीत नुसतं 'डॉक्टर' असं लिहिलं असेल तर संयोजकांना ईमेल करून स्पष्ट विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

सरकारी नोकरीत असाल तर वरिष्ठांमार्फत जावं लागतं. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्यांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचं ना हरकत पत्र घ्यायचं. प्रशिक्षणाच्या जागा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून भरल्या जात असतील तर नावाची शिफारसही तिथूनच जाते. या पत्रालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्यामुळे अर्ज सुरू झाल्याची सूचना यायची वाट न पाहता मागणी देऊन ठेवा.

कागदपत्रं

रजिस्ट्रेशनचं मूळ प्रमाणपत्र आणि शेवटच्या रिन्यूअलची प्रत. पदवी प्रमाणपत्र. आधार किंवा पॅन. फोटो आणि सहीचं स्कॅन. खासगी प्रॅक्टिस असेल तर दवाखान्याच्या लेटरहेडवर कामाचा कालावधी आणि पत्ता, नोकरी असेल तर वरचं ना हरकत पत्र. काही अभ्यासक्रमांना 'हे प्रशिक्षण का हवं' यावर एक परिच्छेद लागतो.

अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते नावापाशी. पदवीवर माहेरचं नाव, रजिस्ट्रेशनवर सासरचं, आधारवर वडिलांच्या नावाऐवजी नुसतं आद्याक्षर. डॉक्टर भगिनींना हा त्रास फार होतो. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत पहिल्याच दिवशी सोबत जोडा. आणि प्रशिक्षणाच्या फॉर्ममध्ये नाव कौन्सिलच्या नोंदीत आहे तसंच लिहा, अक्षरन् अक्षर. प्रमाणपत्र त्याच नावाने येतं आणि पुढे पॉइंटही त्याच नावावर जमा होतात.

अर्ज भरण्याआधी विचारायचे प्रश्न

कार्यक्रमाला एमएमसीची मान्यता आहे का? पॉइंट किती, आणि ते प्रमाणपत्रावर छापून येणार का? कार्यक्रम दुसऱ्या राज्यातल्या संस्थेचा असेल तर तिथल्या कौन्सिलचे पॉइंट आपल्या रिन्यूअलला चालतील का, हे एमएमसीकडून पैसे भरण्याआधी लेखी घ्या. संयोजकाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पॉइंट न मिळणारा पण उत्तम अभ्यासक्रम जरूर करा, फक्त त्याचे पॉइंट रिन्यूअलच्या हिशोबात धरू नका.

ऑनलाइन सत्रांत हजेरीची अट काटेकोर असते. स्वतःच्या पूर्ण नावाने लॉगिन करा, मुलाच्या मोबाइलवरून त्याच्या नावाने नको. सत्र संध्याकाळी असेल तर त्या वेळची ओपीडी आधीच बंद असल्याचा बोर्ड लावा. एका कानात इअरफोन आणि समोर पेशंट, हे दोघांवरही अन्याय करणारं आहे.

केस मांडणं

माझ्या मते खरं शिक्षण इथेच होतं, म्हणून यावर थोडं सविस्तर.

केस सरळसोट नको, अवघड घ्या. दारू आणि मधुमेह आणि टीबीची गोळी एकत्र चालू असलेला शेतमजूर. गुडघेदुखीसाठी सुरू झालेली ट्रामाडोल ही वेदनाशामक गोळी आता दिवसाला आठ घेणाऱ्या आजी. मशेरी लावणारी सहा महिन्यांची गरोदर. अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी, जिला मालेगावकडे 'कुत्ता गोळी' म्हणतात, ती घेणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. अशा केसमध्ये एका आजाराचं पुस्तक उघडून भागत नाही, आणि आपल्या ओपीडीत येतात ते असेच.

मी पहिल्यांदा केस मांडली तेव्हा 'पेशंट थोडी दारू घेतो' असं लिहिलं होतं. तज्ज्ञांनी विचारलं, थोडी म्हणजे किती? एक क्वार्टर, मी म्हणालो. त्यांनी तिथेच हिशोब करून दाखवला. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे सहा स्टँडर्ड ड्रिंक. रोज. 'थोडी' हा शब्द त्या दिवशी माझ्या केसपेपरवरून गेला. आता मिली आणि शेवटचा पेग किती वाजता घेतला, हे दोन्ही लिहितो. शेवटच्या पेगची वेळ लिहिली की दारू अचानक थांबल्यावरचं पुढचं गणित मांडता येतं: पहिल्या दिवशी थरथर, दोन दिवसांच्या आत फिट येण्याचा धोका, दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम. माझ्या हर्नियाच्या पेशंटची तिसरी रात्र ती हीच.

दुसरा धडा चहाचा. एक ताई मला म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, ह्यांना न सांगता चहातून द्यायची गोळी असते ना, तेवढी लिहून द्या." ती गोळी म्हणजे डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू घेतली तर बीपी घसरू शकतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ती सुरू करायची नाही, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी प्रतिक्रिया येऊ शकते. पेशंटला कळू न देता ती कधीच द्यायची नाही. हे त्या ताईंना समजावताना त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी मला आठवतं. त्यांना दुसरं काय द्यायचं, ते मी त्या सत्रांत शिकलो.

केस पाठवताना नाव, गाव, फोन, आधार, फोटो सगळं काढा. लॅब रिपोर्टच्या कोपऱ्यातलं नाव हमखास राहून जातं, तेही पाहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थिती येतात, आणि कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. पेशंटला विचारून त्याची संमती घ्या. मी विचारलं तेव्हा बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं. आपल्यासाठी मोठे डॉक्टर विचार करणार, हे त्यांना आवडतं.

प्रमाणपत्राने काय मिळत नाही

हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. प्रमाणपत्र मिळालं म्हणून आपण व्यसनमुक्ती केंद्र उघडू शकत नाही. या पेशंटना दाखल करून ठेवणाऱ्या संस्थेला मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठीची ब्युप्रेनॉर्फीनची गोळी मान्यताप्राप्त केंद्रातूनच द्यायची असते. ट्रामाडोल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. त्या यादीतली ट्रामाडोलसारखी औषधं फोनवरून लिहून द्यायला टेलिमेडिसिनच्या मार्च २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई आहे, मग पेशंट कितीही जुना असो.

जमतं ते पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट (AUDIT) ही दारूच्या सवयीवरची दहा प्रश्नांची चाचणी ओपीडीत घेता येते, वेळ कमी असेल तर पहिले तीन प्रश्न तरी. सौम्य थरथर घरी सांभाळता येते. ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देता येतं. फिट येऊन गेलेला, भ्रम झालेला, लिव्हर खराब असलेला पेशंट वेळेत आणि नीट चिठ्ठी लिहून पाठवता येतो.

अर्ज मंजूर व्हायला वेळ लागेल. तोवर रिसेप्शनच्या काचेवर तीन नंबर मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवा: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. माझ्याकडे ते औषधाच्या खिडकीजवळ आहेत. सुट्ट्या पैशांसाठी लोक तिथे थांबतात, आणि थांबले की वाचतात.