एअरबॅगमधली खताची गोळी

शेजारच्या काकांना परवा मेसेज आला, तुमची गाडी रिकॉलमध्ये आहे. काका तडकले, "परत मागतायत? देणार नाही!" रिकॉलचा हा अर्थ बरेच जण घेतात. प्रत्यक्षात सदोष भाग फुकट बदलून गाडी तुमच्याच हाती येते. पण "माझी गाडी तर मस्त चाललीय" म्हणून लोक जातच नाहीत.

मस्त चाललेल्या गाडीतही काय दडलेलं असू शकतं, हे ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांनी दाखवलं. एअरबॅग फुगायला सेकंदाच्या शतांश भागांत भरपूर वायू लागतो. त्यासाठी धातूच्या डबीत रसायनाच्या दाबून केलेल्या गोळ्या असतात. ताकाताने त्यासाठी स्वस्त अमोनियम नायट्रेट निवडलं, म्हणजे खतातलं रसायन. ते पावसाळ्यातल्या मिठासारखं ओल धरतं. शिवाय ३२ अंशांच्या आसपास त्याच्या स्फटिकांची रचना बदलते. ते टाळायला त्यात दुसरा क्षार मिसळला होता, पण ओल शोषणाऱ्या पुडीविना बसवलेल्या डब्यांत दमट हवा शिरत राहिली. दिवसा तापणं, रात्री निवणं, वर्षानुवर्षं. गोळी हळूहळू फुगून सच्छिद्र झाली.

आता गंमत बघा. ज्वलन पृष्ठभागावर होतं. ओंडका रात्रभर धुमसतो, त्याचाच भुसा भपकन पेटतो. सच्छिद्र गोळीत ज्वाला छिद्रांतून आत घुसते, वायूचा दाब वाढतो, दाब वाढला की ज्वलनाचा वेग वाढतो, आणि त्याने पुन्हा दाब. डबी फुटते, धातूचे तुकडे चालकाच्या अंगात घुसतात. २०१४ मध्ये ऑर्लँडोतल्या एका अपघातात मानेवरच्या जखमा पाहून पोलिसांना आधी चाकूहल्लाच वाटला होता. जगभरात ३० हून अधिक बळी गेले. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६.७ कोटी इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या याच डब्या, परत मागवले गेले, आणि २०१७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.

सर्वाधिक धोका फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट भागात होता. कोकणातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. होंडाने भारतातही हे इन्फ्लेटर बदलून दिले. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीला या डबीतली ओल कळत नाही, हे जाता जाता.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे नियम लागू आहेत. जुनी गाडी घेतली असेल तर मेसेज आधीच्या मालकाकडे जाऊ शकतो, म्हणून आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. काकांचा मी कालच टाकला. उद्या सकाळी दहाची वेळ मिळाली आहे.